दवाखाना बाजारावर सोडायचा का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बारा वर्षं पुण्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या बिलिंगला होतो, त्यातली शेवटची पाच टीपीए डेस्कवर, म्हणजे इन्शुरन्सचे क्लेम बघायच्या टेबलावर. नोकरी सुटली पण प्रश्न सुटले नाहीत, लग्नाच्या पंगतीत बसलो तरी शेजारचा वरण वाढायच्या आधी विचारतो की हॉस्पिटलवाले इतके पैसे कसे लावतात आणि सरकार काही करत का नाही. तेच तेच प्रश्न इथे एकदाच लिहून ठेवतोय. नंबर घातलेत म्हणजे परत परत लिहायला नको.

१. मुक्त बाजार म्हणजे नक्की काय? आपल्याकडे आत्ता तोच चालू नाहीये का?

अर्धा चालू आहे. पूर्ण मुक्त बाजार म्हणजे कोणीही दवाखाना काढावा, हवा तो भाव लावावा, पेशंटला पटलं तर यावं, सरकारने मधे पडू नये. आपल्याकडे डॉक्टर व्हायला डिग्री आणि रजिस्ट्रेशन लागतं, अत्यावश्यक यादीतल्या औषधांच्या किमती सरकार बांधून देतं, म्हणजे तिथे बाजार मोकळा नाही. पण रूमचं भाडं, सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचे म्हणजे ओटी चार्जेस, नर्सिंग, यावर नेहमीच्या दिवसांत कसलीही वरची मर्यादा नाही.

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीतच नसते. बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत तुम्ही कुठली रूम घेता त्यावर ऑपरेशनचा भाव ठरतो. तेच अपेंडिक्स, तोच सर्जन, तेच टेबल, पण जनरल वॉर्डचा पेशंट असेल तर सर्जनची फी एक आणि डिलक्सचा असेल तर थेट दीड-दोनपट. आम्ही कॉम्प्युटरमध्ये फक्त रूम कॅटेगरी बदलायचो, बाकीचे सगळे आकडे आपोआप वर चढायचे.

२. स्पर्धा वाढली तर मोबाईलचा डेटा स्वस्त झाला, मग ऑपरेशन का नाही होणार?

कारण रिचार्ज मारताना तुम्ही आडवे पडलेले नसता.

एकदा रात्री अडीचला एक माणूस काउंटरला आला, एका पायात चप्पल, दुसरी बहुतेक रिक्षातच राहिली. वडिलांना अटॅक, कॅज्युअल्टीत आत घेतलेलं. मी इस्टिमेटचा कागद पुढे सरकवला, त्याने आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही, सही केली आणि मला विचारलं, पेन परत द्यायचं का. आता या माणसाने 'जरा शेजारच्या हॉस्पिटलात भाव विचारून येतो' म्हणावं अशी अपेक्षा ठेवायची का?

दुसरं म्हणजे इथे काय विकत घ्यायचं हे घेणारा ठरवत नाही, विकणारा ठरवतो. भाजीवाला तुम्हाला सांगत नाही की तुम्हाला आज दोन किलो दोडका लागणारच. डॉक्टर सांगतो, आणि तुम्हाला ते तपासता येत नाही, बरं झाल्यावरही कळत नाही की त्या ऑपरेशनने बरं वाटलं की तसंही वाटलंच असतं. केनेथ ॲरो नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने हे १९६३ मध्येच मांडलं होतं, पुढे त्याला नोबेलही मिळालं, आणि तो काही बाजाराच्या विरोधातला माणूस नव्हता.

३. मग आरोग्यात बाजार चांगला चाललाय अशी एकही जागा नाही का?

आहे की. मोतीबिंदू घ्या. मोतीबिंदू काही आज रात्रीत करायचा नसतो, चार ठिकाणी विचारता येतं, शेजारच्या काकांनी कुठे केलं आणि त्यांना आता पेपर वाचता येतो का हे बघता येतं. चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर, दातांची कामं, साध्या रक्ततपासण्या, इथे भाव विचारायची सोय आहे म्हणून स्पर्धा खरोखर काम करते. मदुराईचं अरविंद नेत्रालय १९७६ मध्ये सुरू झालं, पैसे देणाऱ्यांच्या जोरावर गरिबांचे डोळे फुकट करत आलंय, आणि १९९२ पासून डोळ्यात बसवायची लेन्सही स्वतःच बनवायला लागले म्हणून लेन्सचा भाव कोसळला.

औषधांचंही तसंच. २००१ मध्ये सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधांची ट्रीटमेंट वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा परदेशी कंपन्या त्याच औषधांचे दहा हजारांच्या वर घेत होत्या. बाजारवाले हे उदाहरण छाती फुगवून देतात, पण हे शक्य झालं कारण १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर मक्तेदारी द्यायलाच नकार दिला होता. म्हणजे स्पर्धेने भाव पाडला हे खरं आणि ती स्पर्धा सरकारी कायद्याने उभी केली हेही खरं.

४. गरज नसताना ऑपरेशनं करतात हे खरं, की आपला नुसता संशय?

दोन्ही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं २०१९ मध्ये सरकारी समितीने सर्वेक्षण केलं, ८२ हजारांच्या आसपास बायका, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं, कित्येकींचं वय चाळिशीच्याही आत. यात एकटा डॉक्टरच दोषी असं नाही, तोडीवर खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पाळीची कटकट गेली तर बरं असं बाईलाही वाटतं, सरकारी दवाखाना लांब, आणि जवळच्या खासगीत एकच सल्ला, पिशवी काढून टाका. सगळ्यांनी आपापल्या फायद्याचं केलं, आणि तिशीतल्या बाईची हाडं दुखायला लागली.

सिझेरियनचंही बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खासगी दवाखान्यांत जवळपास ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियन, सरकारीत १४ टक्के. मात्र सगळा फरक पैशाचा असं म्हणू नका. खासगीत येणाऱ्या बायकांचं वय थोडं जास्त असतं, काही जणी स्वतःच मागतात, आणि मुहूर्त काढून येणारे तर मी स्वतः पाहिलेत, अकरा बावीसला बाळ बाहेर पाहिजे म्हणून ओटीबाहेर घड्याळ बघत उभे. पण एवढी मोठी दरी नुसत्या मुहूर्ताने पडत नाही.

५. कट प्रॅक्टिस बंद का होत नाही?

कट प्रॅक्टिस म्हणजे पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला मिळणारं कमिशन, आणि ते बंद होत नाही कारण ते कागदावर नसतं. कॅम्पचा खर्च, कन्सल्टेशन फी, 'प्रोफेशनल चार्जेस', नावं बरीच. २०१७ मध्ये मुंबईतल्या एका हार्ट हॉस्पिटलने होर्डिंगच लावलं की आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही, तर डॉक्टरांची संघटना हॉस्पिटलवरच चिडली की आमची बदनामी होते. त्याच वर्षी राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली, मसुदा आला, कायदा काही आला नाही. मुक्त बाजारवाल्यांना माझा प्रश्न एवढाच आहे की ज्या बाजारात सल्ला देणाराच दलाली खातो तिथे गिऱ्हाईक राजा कसा?

६. सरकारने भाव बांधले की माल गायब होतो ना? स्टेंटचं काय झालं?

स्टेंट म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात ती जाळी, आणि ते गायब झाले नाहीत. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध किंमत प्राधिकरणाने औषधाचा थर लावलेल्या स्टेंटला २९,६०० आणि साध्याला ७,२६० रुपये कमाल भाव ठरवला, त्याआधी औषधवाला स्टेंट सव्वा-दीड लाखाला सहज लावला जायचा. एक-दोन परदेशी कंपन्यांनी भारी मॉडेल मागे घेतो म्हणून अर्ज केले, थोडी रडारड झाली, पण अँजिओप्लास्ट्या काही थांबल्या नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटचे भाव बांधले, नेहमी वापरतात तो ५४,७२० वर आला.

पण फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडून फुगतो. स्टेंट स्वस्त, मग कॅथलॅबचे, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीचे चार्जेस वाढले, पॅकेज पूर्वी होतं त्याच्या आसपास कुठेतरी जाऊन बसलं. ज्या वस्तूवर सरकारची नजर नाही तिथे तर विचारूच नका. २०१८ मध्ये प्राधिकरणाने दिल्लीकडच्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली तर काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत मार्जिन निघालं, आणि त्या वस्तू म्हणजे काही रोबोट नव्हे, सिरिंजसारख्या.

कोविडमध्ये महाराष्ट्राने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. मे २०२० च्या आदेशाने खासगीतले ८० टक्के बेड सरकारी दरात, दिवसाला वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटर ९,००० रुपये. पीपीई किट, महागडी औषधं, सीटी स्कॅन त्याच्या बाहेर. मग काय, किटचं एक पानच वेगळं बिलात यायला लागलं. तरीही मी म्हणेन की तो आदेश नसता तर लोकांनी घरं विकली असती, कारण तेव्हा बेडची टंचाई होती आणि टंचाईत मोकळा बाजार काय करतो ते रेमडेसिविरच्या काळ्या बाजारात सगळ्यांनीच बघितलं.

७. सरकारी दवाखान्यांची अवस्था बघा, मग खासगीच बरं नाही का?

अवस्था वाईट आहे, खोटं कशाला बोला. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात चोवीस तासांत २४ पेशंट गेले, त्यात १२ नवजात बाळं. औषधं नाहीत, माणसं नाहीत अशी ओरड झाली, आणि लांबून अगदी शेवटच्या क्षणी पेशंट येतात असं प्रशासनाने सांगितलं. दुसऱ्या बाजूचं मी सांगतो. खासगीत पैसे संपले की पेशंट 'हायर सेंटर'ला पाठवतात, आणि ते हायर सेंटर म्हणजे ससून किंवा सिव्हिल. मरायला टेकलेला पेशंट तिकडे, मृत्यूचा हिशेबही तिकडचा.

पैशाचंही ऐका. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्के करायचा, २०२१-२२ मध्ये, ऐन कोविडात, तो १.८४ होता. उपाशी ठेवलेल्या बैलाला म्हणायचं बघा नांगर ओढत नाही. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा सरकारी आकड्यांप्रमाणे २०१३-१४ च्या ६४ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९ वर आलाय, म्हणजे सरकारने हात सैल केला की फरक पडतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे, कित्येकांना अजून माहीत नाही.

८. चांगला इन्शुरन्स काढला की विषय संपला ना?

इन्शुरन्स काढाच, पण विषय संपत नाही. टीपीए डेस्कवर पाच वर्षं बसून मी सगळ्यात जास्त वेळा समजावलेली गोष्ट म्हणजे रूम रेंटची कात्री. पॉलिसीत रूमची मर्यादा दिवसाला ५,००० आहे आणि तुम्ही ८,००० ची रूम घेतली. लोकांना वाटतं वरचे ३,००० भरले की झालं. नाही. प्रश्न १ मध्ये सांगितलं तसं रूमप्रमाणे बाकीचे चार्जेसही चढतात, म्हणून कंपनी सर्जन, ओटी, व्हिजिट यांचंही पाच-अष्टमांशच देते. हे सगळं मिळून १ लाख ६० हजार झालं असेल तर मिळणार एक लाख, साठ हजार तुमचे. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, एवढाच दिलासा. डिस्चार्जच्या दिवशी हे ऐकून एक आजी मला म्हणाल्या, अरे बाळा, एसी लावायलाच नको होता.

शिवाय इन्शुरन्सचा बाजारही मोकळा सोडला तर तो निरोगी माणसालाच धरतो. शुगर-बीपीवाल्याला प्रीमियम चढा नाहीतर दार बंद, तरुण माणूस मला काय होतंय म्हणून काढतच नाही, राहतात ते आजारी, मग प्रीमियम आणखी वर. म्हणून नियामकाला मधे पडावं लागतं. २०२४ मध्ये जुन्या आजारांसाठी थांबायची कमाल मुदत चारवरून तीन वर्षांवर आणली, कॅशलेसला तासाभरात होकार आणि डिस्चार्जचं अप्रूव्हल तीन तासांत असा नियम केला. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला.

९. महात्मा फुले योजना म्हणजे सरकारी सेवा की खासगी?

ही राज्याची मोफत उपचारांची योजना, पैसा सरकारचा, दवाखाना बराचसा खासगी. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, मग राज्यभर गेली, नाव बदललं, केंद्राच्या आयुष्मानशी जोडली गेली, आणि २०२३ च्या निर्णयाने राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत लागू केली. आता रेशनकार्डाचा रंग बघायचं कारण नाही.

अडचण अशी की पॅकेजचा दर सरकार ठरवतं आणि त्यात ज्या ऑपरेशनला परवडतं त्याला हॉस्पिटल हसून घेतं, ज्याला परवडत नाही त्याला 'योजनेचे बेड फुल आहेत'. हॉस्पिटलची बाजूही आहे, काही दर खरंच खर्चाच्या खाली आहेत आणि पैसे महिनोन्‌महिने अडकतात. प्रवेशाशी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो, ॲडमिशनच्या आधी त्याला गाठा, बिल झाल्यावर नाही.

१०. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर फुकट मिळतं का?

ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली, आणि २००६ च्या हायकोर्टाच्या योजनेप्रमाणे, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्याच लागतात. वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. यासाठी प्रत्येक बिलाचे २ टक्के वेगळ्या निधीत जातात. ही भीक नव्हे, ट्रस्टला जमीन, कर, एफएसआय यात सवलती मिळतात त्याचा मोबदला आहे. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन थेट सोशल वर्करकडे जा, बिलिंगवाल्याला विचारू नका, आम्हाला हे आपणहून सांगायची सवय लावलेली नसते.

११. अमेरिकेत तर सगळं खासगी, तरी जगातली बेस्ट ट्रीटमेंट तिथेच ना?

न्यू जर्सीतल्या तुमच्या आत्तेबहिणीला विचारा, ती दातांची कामं सुट्टीत पुण्याला येऊन का करते. अमेरिका जीडीपीच्या १७ टक्क्यांच्या आसपास आरोग्यावर खर्च करते, आयुर्मान मात्र बाकीच्या श्रीमंत देशांच्या मागे. आणि तोही मुक्त बाजार नाहीच, म्हाताऱ्यांसाठी आणि गरिबांसाठी १९६५ पासून सरकारी योजना आहेत. इंग्लंडातले नातेवाईक उलटं रडतात, फुकट आहे पण गुडघ्याला महिनोन्‌महिने नंबर लागत नाही. सिंगापूरचं नाव बाजारवाले आवडीने घेतात, तिथे १९८४ पासून पगारातून सक्तीने आरोग्यासाठी पैसे कापतात आणि बहुतेक हॉस्पिटल बेड सरकारी आहेत. थायलंडही आपल्यासारखाच, श्रीमंत नसलेला देश, त्यांनी २००२ मध्ये एका भेटीला ३० बाट अशी योजना सगळ्यांना लावली. पूर्ण मोकळ्या बाजारावर सोडलेला एक श्रीमंत देश मला कोणी दाखवला नाही अजून.

१२. खेड्यात डॉक्टर जात नाहीत, जास्त पैसे मिळाले तर जातील की?

खेड्यात गरज आहे, पैसा नाही, आणि बाजाराला फक्त पैसा ऐकू येतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून काम उभं केलं, गावातल्याच बाईला नवजात बाळाचं वजन, श्वास, ऊब, इंजेक्शन शिकवलं आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, १९९९ मध्ये ते जगासमोर आलं आणि पुढे देशाच्या आशा कार्यक्रमात उतरलं. यात विकायला काही नव्हतं म्हणून कुठली कंपनी ते करायला गेली नसती. लसीचं तसंच, माझ्या पोराला डोस दिला तर तुमच्याही पोराला फायदा, मग पैसे कोणी द्यायचे? पोलिओ सरकारने घरोघर जाऊनच घालवला.

१३. पैसे नसतील तर इमर्जन्सीत घेणार नाहीत का? बिल थकलं तर बॉडी अडवू शकतात?

जीव वाचवायचे पहिले उपचार नाकारता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय, खासगीलाही लागू. बिलासाठी पेशंट किंवा मृतदेह अडवणं महाराष्ट्राच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांत बसत नाही, रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावणंही त्याच नियमांत आहे. तक्रार पालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे करायची.

पण एक अवघड प्रश्न कोणीच विचारत नाही. त्या इमर्जन्सीचे पैसे कोण देणार? राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा डॉक्टर याच मुद्द्यावर रस्त्यावर उतरले, आणि त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं. हक्क सरकारने द्यायचा आणि बिल डॉक्टरच्या खिशातून, हे चालणार नाही.

१४. फसवलं तर ग्राहक कोर्ट आहे की, मग वेगळे नियम कशाला?

१९९५ पासून डॉक्टरवर ग्राहक कोर्टात जाता येतं. पण अपवाद लक्षात ठेवा, जिथे सगळ्यांनाच सगळं फुकट आहे तिथे तुम्ही ग्राहक ठरत नाही, आणि जिथे काहींना पैसे काहींना फुकट आहे तिथे फुकटवालाही ग्राहक ठरतो. शिवाय कोर्ट निष्काळजीपणा बघतं, भाव नाही. डॉक्टरने ऑपरेशन नीट केलं पण चौपट पैसे घेतले, तर तो भाव आधी कुठे जाहीर केला होता का एवढ्यावरच भांडता येतं, म्हणून दरपत्रकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवत जा.

१५. म्हणजे तुमचं म्हणणं सगळं सरकारी करा?

नाही. माझं म्हणणं काउंटरवर बसून झालंय. ज्याला परत घरी जाऊन विचार करता येतो त्याच्यासाठी बाजार राहू दे, भाव फक्त उघडे लावा (प्रश्न ३). जो स्ट्रेचरवर आलाय, ज्याचा आजार वर्षानुवर्षं चालणार आहे किंवा ज्याच्या गावात दुसरा दवाखानाच नाही, त्याच्यासाठी भाव आणि पैसा दोन्ही आधीच ठरलेले पाहिजेत, आणि ते ठरवायला सरकारशिवाय कोणी नाही, सरकार कसंही असलं तरी.

१६. आमचे फॅमिली डॉक्टर पंधरा बेडचं हॉस्पिटल चालवतात. नियम वाढले की असे छोटेच मरतात, मोठी कॉर्पोरेट हॉस्पिटलं नाही. याचं काय?

हा मला आलेल्या प्रश्नांतला सगळ्यात खरा प्रश्न. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात जानेवारी २०२१ मध्ये आगीत १० बाळं गेली, त्यानंतर फायर ऑडिट कडक झालं, व्हायलाच हवं होतं. पण वेगळा जिना, पाण्याची टाकी, स्प्रिंकलर हे जुन्या वाड्याच्या जागी बांधलेल्या तीन मजली हॉस्पिटलला जमत नाही, कॉर्पोरेटला सहज जमतं, त्यांच्याकडे त्यासाठी वेगळं डिपार्टमेंटच असतं. मोकळा बाजारही छोट्याला वाचवत नाही, तिथे मोठा त्याला भावाने नाही तर विकत घेऊन संपवतो.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी पस्तीस वर्षं बाळंतपणं केली, माझ्या दोन्ही पोरांची तिथेच, बिल एका पानाचं, शाईच्या पेनाने लिहिलेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बंद केलं. आता खाली डायग्नोस्टिक सेंटर आहे, वर क्लासेस. बाई सकाळी दोन तास ओपीडी बघतात, फी विचारली की अजून म्हणतात, द्या काय ते.